नऊ नंबरचा बिल्ला

ता. ३, सोमवार

आले एकदाची! बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, पाठीवर अवजारांची थैली आणि मागून धाकटी तिची सायकल ढकलत, तोंडाने अखंड चालू. दहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची होती. तेव्हापासून तिची ताईही मीच आणि आईही मीच. त्यामुळे बोलणी खायचा मान दुप्पट मिळतो.

दोन खोल्या मिळाल्यात. नळाला पाणी येतं, दारं लागतात, घरमालकीण जास्त चौकशा करत नाही. स्वयंपाकघराची खिडकी थेट जंगलाच्या चढाकडे उघडते. तिथे उभं राहिलं की झाडांमधून वळत जाणारी सायकलींची वाट दिसते. धाकटी भांडी लावायची सोडून तिथेच उभी. तिच्या सरावासाठीच तर मी ही नोकरी धरली.

सायकलघर चालत सात मिनिटांवर. शहर संपतं तिथे जंगलाचं फाटक, आणि फाटकाला टेकून ही लाकडी खोली. आत दुरुस्तीचा ओटा, भिंतीवर नट आवळायचे पाने, धाप लागल्यासारखा चालणारा एक पंप. मालकांना सगळे काका म्हणतात. पंचवीस वर्षं ते हे चालवतायत. काकू चार वाजता चहा आणतात आणि न बोलता कोपऱ्यात बसतात.

दाराशेजारी एक फळी आहे, तिच्यावर चोवीस खिळे आणि चोवीस पितळी बिल्ले. जंगलात जाणाऱ्याने आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर लावायचा. फळी भरली की घंटेचे तीन ठोके द्यायचे आणि कुलूप. नियम एकच: ज्याने नेला त्यानेच स्वतःच्या हाताने लावायचा. काकांनी हे मला तीनदा सांगितलं. मी हसले, ते हसले नाहीत. चोवीस नंबर माझा, दुरुस्त केलेली सायकल वाटेवर चालवून बघायची असते म्हणून.

ता. ५, बुधवार

काम आवडलं. आज सात पंक्चर, दोन तुटलेल्या साखळ्या आणि एक ब्रेक, जो मालकाने स्वतः दुरुस्त केल्यामुळे बिघडला होता. हे मालक म्हणजे गणिताचे मास्तर, निवृत्त, रोज येतात. सायकल इतकी महाग की स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा तिला जपतात. माझ्याशी मात्र छान बोलले.

वाट मीही फिरून आले. फाटकापासून चढ, मग तीन आंधळी वळणं, मग गोल फिरून उतार थेट सायकलघरापाशी. वळणावर समोरचा दिसत नाही म्हणून प्रत्येक जण आवाज देतो. धाकटी दोन लहान आणि एक लांब शिट्टी घालते. लहानपणी मी तिला सायकल शिकवताना तीच शिट्टी घालायचे. तेव्हाच ती पडली होती आणि डाव्या गुडघ्याला पाच टाके पडले होते. त्या व्रणावरून मला अजून टोमणे बसतात.

कुणीतरी सतरा नंबरचा बिल्ला ओढ्यात हरवला. काकांनी डब्यातून कोरी चकती काढली आणि छिन्नी-हातोडीने नवा आकडा ठोकायला मला शिकवलं. एका आकड्याला एक ठोका, म्हणजे सतराला दोन. पितळेवरचा घाव असा खणखणीत वाजतो की मास्तर म्हणाले, दुसऱ्या वळणापर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी धाकटी आली, सायकल टेकवली आणि बिल्ला हँडललाच लटकता ठेवून बसथांब्यावरच्या दुकानात पळाली. विसरभोळेपणात तिचा हात कुणी धरणार नाही. मी तो काढून खिळ्यावर लावणार एवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. मग स्वतः धावत जाऊन तिला परत आणलं आणि तिच्याकडून लाववून घेतला. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! मला रागच आला.

काकूंचे बूट ओले असतात. आम्ही आल्यापासून पावसाचा थेंब नाही. स्वेटरची बटणं पण उलट बाजूला. काकांना गमतीने म्हटलं, काकू फार शांत बाई. ते म्हणाले, वीस वर्षांत एकदाही भांडली नाही. मी म्हटलं, नशीब काढलंत. त्यावर ते उठून बाहेर गेले.

ता. ९, रविवार

गर्दीने पिट्ट्या पडला. तेवीसच्या तेवीस बिल्ले बाहेर होते. धाकटी तीन वाजता निघाली. नऊ तिचा ठरलेला आकडा, दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. जाता जाता म्हणाली की संध्याकाळी काहीतरी सांगायचंय, पण आधी वचन दे की चिडणार नाहीस. मी म्हटलं, सांगण्यासारखं असेल तर चिडण्यासारखंही असेलच. जीभ दाखवून गेली.

काकांची दाढ ठणकत होती, ते पाचला डॉक्टरकडे गेले. सहाला बावीस बिल्ले लागले. नऊचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघते तर तिची सायकल रांगेत उभी, हँडलला बिल्ला लटकतोय आणि बाईसाहेब गायब. गेली असेल तशीच घरी! पाय दुखत होते, भूक लागली होती. म्हटलं, काका नाहीत तर नाटक कुणासाठी? बिल्ला मीच खिळ्यावर लावला, तीन ठोके दिले, कुलूप लावलं.

घरी आले तर ती आलेलीच होती. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली. बूट दाराशी, चक्क जोडीने नीट लावलेले! मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? ती हसली. काय सांगायचं होतं ते विचारायचं राहिलंच, जेवून मी तशीच झोपले.

ता. १०, सोमवार

आज मला सुट्टी. सकाळी विचारलं, काय सांगणार होतीस? म्हणाली, काही नाही ताई. दुपारी मी तिच्या कपाटातला पसारा काढला. एरवी यावरून महाभारत होतं. ती म्हणाली, हो ताई. भाजी खारट झाली होती, तरी म्हणाली, छान झालीय ताई. माझी धाकटी खारट भाजीला छान म्हणेल? ताप बघितला. अंग गार होतं.

तिचे बूट कालपासून ओले आहेत. उन्हात ठेवले, तरी ओलेच.

ता. ११, मंगळवार

मास्तरांनी सहज विचारलं की रविवारी त्यांनी आणून ठेवलेली सायकल कुणाची होती. तिसऱ्या वळणावर आडवी पडली होती, मागचं चाक पंक्चर. कुणी कंटाळून चालत गेलं असेल म्हणून ते ती उतारावरून ढकलत घेऊन आले आणि रांगेत उभी केली. बिल्ला हँडललाच होता.

म्हणजे सायकल तिने आणली नव्हती.

मास्तर अजून एक म्हणाले. तिसऱ्या वळणावर कालही कुणी शिट्टी घालत होतं, आजही. दोन लहान, एक लांब. त्यांनी थांबून हाका मारल्या, कुणी दिसलं नाही.

मी घरी धावत गेले. ती खुर्चीवर होती. सकाळी सोडून गेले तेव्हा होती त्याच खुर्चीवर. मी तिची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, तिने करू दिली. व्रण आहे. पाच टाके आहेत. उजव्या गुडघ्यावर.

ता. १२, बुधवार

तिच्या नावाचं पाकीट आलं. शर्यतीच्या संघात निवड झालीय. दुसऱ्या शहरात दोन वर्षं राहायचं, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. वर लिहिलंय, तुम्ही फोनवर होकार दिल्याप्रमाणे.

हेच सांगायचं होतं तिला. मला सोडून जायचं होतं आणि मी चिडेन म्हणून घाबरत होती पोर.

पत्र हिच्यापुढे धरलं. हिला काही माहीत नव्हतं. मला जे माहीत नाही ते हिलाही माहीत नाही. लहानपणीचं मी विचारते ते सगळं सांगते, पण फक्त मी तिथे होते तेवढंच. शाळेतल्या मैत्रिणीचं नाव विचारलं तर माझ्याकडे बघत बसली, मी सांगायची वाट बघत असल्यासारखी. मग म्हणाली, मी कुठे जाणार ताई? मी इथेच राहणार.

वहीशी कसलं खोटं बोलायचं? एक क्षण बरं वाटलं. ही जाणार नाही. ही भांडणार नाही. रोज घरी आले की इथे बसलेली असेल. एक क्षणच. मग मोरीत जाऊन मला उलटी झाली.

पोलिसांत जाऊन काय सांगू? बहीण हरवलीय, आणि ती घरी बसलीय?

चार वाजता वाटेवर गेले. तिन्ही वळणं पालथी घातली. तिसऱ्या वळणावर शिट्टी अगदी कानाशी वाजली. हात पुढे केला. काही नाही. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मातीत तिच्या बुटांचे ठसे होते, ताजे. उताराकडे जायचे आणि तिथेच परत यायचे. पन्नास वेळा, शंभर वेळा.

तीन दिवस. पाण्याची बाटली सायकललाच होती.

ता. १३, गुरुवार

काकांना ओट्याशी गाठलं आणि हातात पाना घेऊन विचारलं. खरंच पाना होता हातात, मारलाही असता.

ते खाली बसले आणि रडायला लागले. मग सांगितलं. फळी भरली की जंगल समजतं सगळे परत गेले. ज्याचा बिल्ला लागला तो घरी पोचलेला असतो, मग त्याला परतीची वाट दिसणार कुठून? तो गोल फिरत राहतो. आणि त्याच्या जागी कुणीतरी घरी येतं, कारण बिल्ला सांगतो की आलं. ज्याने बिल्ला लावला त्याच्या आठवणीइतकंच ते येतं.

मी विचारलं, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगितलं असतं तर थांबली असतीस का? मेकॅनिक मिळत नाही.

वीस वर्षांपूर्वी घाईत त्यांनी काकूंचा बिल्ला स्वतः लावला. घरी गेले तर त्या आलेल्या होत्या.

उपाय आहे. अडकलेल्याचा बिल्ला खिळ्यावरून काढून बरोबर घ्यायचा, म्हणजे आतली माणसं दिसतात. आपलाही काढायचा. आत जाऊन माणसाला हाताला धरून आणायचं आणि त्याचा बिल्ला त्याच्याच हाताने लावायचा. तोवर दोन्ही खिळे मोकळे राहिले पाहिजेत, घंटा वाजता कामा नये. मग घरातलं निघून जातं. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हणाले, आधी भीती वाटली. मग सवय झाली, पोरी. दुसऱ्या वळणावरून कधी कधी ती हाक मारते. मी तिकडे जातच नाही.

उद्या ते फळीखाली बसून राहतील. दोन्ही खिळ्यांवर हात ठेवून बसेन, म्हणाले. देवाची शपथ घेतली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, तुला जमलं तर मग मला सबब उरणार नाही.

काकू कोपऱ्यात चहा घेऊन बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

ता. १४, शुक्रवार, दुपार

नऊ आणि चोवीस दोन्ही खिशात. काका स्टुलावर बसलेत, हात खिळ्यांवर.

घरातलीला सांगितलं, येते. ती म्हणाली, हो ताई. खिडकीशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघून हात हलवला. धाकटीसारखाच.

पाणी, बिस्किटं, पंप, नवी ट्यूब, ही वही. सायकल तिचीच घेतलीय, पंक्चर काढून. वेडी आशा, पण ती स्वतःची सायकल बघून तरी पुढे येईल.

त्याच दिवशी, वाटेवर

दुसऱ्या वळणावर कुणीतरी बसलं होतं. तोच स्वेटर, फाटून दोरे लोंबणारा. बटणं बरोबर बाजूला. तिने मला विचारलं की ह्यांनी चहा घेतला का. मी थांबले नाही. तिला म्हटलं, येताना नेते. खोटं बोलले. मी थांबले नाही —

तिसरं वळण

सापडली! सापडली! बिल्ला मुठीत धरून शिट्टी घातली. दोन लहान, एक लांब. आणि झाडाआडून ती आली. ओठ फुटलेले, बुटांचे तळवे निघालेले. मला बघून पहिलं काय केलं असेल तर भांडली! किती उशीर, म्हणाली. पंक्चर झालं म्हणून पंप मागायला मागे दुसऱ्या वळणापर्यंत गेले, आले तर सायकलच नाही. फाटक दिसायचं, उतरायचे आणि पुन्हा इथेच, ताई, पुन्हा इथेच. माझ्या खांद्यावर बुक्क्या मारल्या. डावा गुडघा बघितला. आहे. माझं लेकरू आहे.

पाणी प्यायली. बिस्किटांचा चुरा खाल्ला. मग संघाचं तिने स्वतःच सांगितलं, रडत. मी म्हटलं, जा. दोन वर्षं काय, दहा वर्षं जा. फक्त आधी घरी चल.

ती दमलीय, पाच मिनिटं बसू दे. खाली सायकलघराचं छप्पर दिसतंय. दहा मिनिटांचा उतार. मी तिचा हात सोडलेला नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर बघा —

आत्ता निघतो.

—

फाटक शंभर पावलांवर होतं. शंभरही नाही. दारातून फळी दिसत होती. स्टूल रिकामं —

आणि खण. एक ठोका.

मी ओळखला तो आवाज. पितळेवरचा. एका आकड्याला एक. नऊ.

धाकटीला ओढत धावले. ओरडले, काका, आलो, आम्ही आलो, दोघी आलो, ठोकू नका —

खण. खण.

चोवीस.

दारात काकू दिसल्या. हातातले दोन नवे बिल्ले त्यांनी खिळ्यांवर लावले. मागे काका, मान खाली घालून. त्यांनी आमच्याकडे बघितलं. बघितलं त्यांनी. नजर चुकवली आणि घंटेची दोरी धरली —

एक. दोन. तीन.

—

पुन्हा तिसरं वळण.

—

चारदा उतरलो. चारदा इथेच. सायकल उताराला लावून सोडून दिली, दोन मिनिटांनी मागून येऊन माझ्या पायाशी पडली. बिल्ले दोन्ही माझ्या खिशातच आहेत. ज्या हातांनी नेले तेच हात लावायला तयार आहेत, आणि खिळे भरलेत —

धाकटी म्हणतेय की चूक तिची, विसरली ती. नाही गं. मी लावला. मला भूक लागली होती म्हणून.

दुसऱ्या वळणावरून त्या बाईची हाक येतेय. चहा घेतला का —

—

ऊन गेलंय. इथून आमचं घर दिसतं. स्वयंपाकघराची खिडकी. दिवा लागलाय.

दोघी आहेत. एक खुर्चीवर. दुसरी आत्ताच आली, माझा कामाचा एप्रन काढून खुंटीला टांगला. बूट जोडीने लावतेय. आता टेबलाशी बसली. तिच्यापुढे वही आहे —

धाकटी अजून शिट्टी घालतेय. थांब म्हटलं तरी ऐकत नाही. कधी ऐकलंय?

मास्तर, तुम्ही रोज येता. ही वही मी वळणावरच्या दगडाखाली ठेवतेय. शिट्टी ऐकू येते तुम्हाला, म्हणजे वहीही दिसेल, दिसायलाच हवी. ओट्याशी मी दिसले तर माझ्याशी बोलू नका. ती मी नाही. आधी फळीवरून नऊ आणि चोवीस काढा. काकांनी हात धरला तर झटका, पण काढा. आणि कुणाला पुन्हा लावू देऊ नका. आम्ही इथेच आहोत, तिसऱ्या वळणावर, दोघी, हात धरून उभ्या आ —